निरोगी नमुना क्रमांक सात

२ जानेवारी २००७
यंदा रोजनिशी नेमाने लिहायची. मागच्या वर्षीची पहिल्याच आठवड्यात थांबली, पण तेव्हा लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता यंत्र आहे. ही वही कुणाला दाखवायची नाही. बायकोला, म्हणजे विद्युलतालाही नाही.

यंदाचे संकल्प. मार्चअखेर यंत्र पूर्ण करणे, कारण दिल्लीहून समिती येणार आहे आणि तिला ते चालवून दाखवायचं आहे. पहाटे बेझंटनगरच्या बीचवर चालणे. तंबाखू बंद.

तंबाखू संक्रांतीनंतर. ऐन कामाच्या भरात शरीराला धक्का देऊ नये.

४ जानेवारी
यंत्राबद्दल थोडक्यात लिहून ठेवतो. पेनाएवढी नळी तोंडात धरायची. तिच्यातून गालाच्या आतल्या कातडीवर निळा लेसर पडतो. निरोगी कातडी त्या उजेडात आपणहून हिरवी चमकते. बिघडलेली, म्हणजे कॅन्सरच्या वाटेला लागलेली, चमकत नाही. काळवंडते, लालसर होते. मायक्रोस्कोप कॉन्फोकल जातीचा, त्यामुळे कातडीचे थर सुटेसुटे दिसतात, कांदा सोलल्यासारखे. हिरवं किती, लाल किती, यावरून कॉम्प्युटर एक आकडा काढतो. ठरावीक रेषेच्या वर आकडा आला की निरोगी, खाली आला की नाही. कापाकापी नाही, टाके नाहीत, रिपोर्टची वाट बघणं नाही.

एग्मोरजवळच्या हॉस्पिटलात डॉ. तुळसी पॅथॉलॉजिस्ट आहेत. तीस वर्षं तुकडे कापून, रंगवून, साध्या मायक्रोस्कोपखाली बघताहेत. आम्हाला पेशंटांचे नमुने त्याच देतात. बाई फार चांगल्या. पण त्यांचे दिवस संपले. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तुळसीबाई तंजावरकडच्या मराठी. पूर्वज भोसल्यांबरोबर इकडे आले. त्यांचं मराठी म्हणजे बखर वाचून दाखवल्यासारखं, मध्येच तमिळ. मला 'गजेंद्रराव' म्हणतात. संस्थेत बाकी सगळ्यांचा मी 'गजेंद्रन'. दहा वर्षांत सवय झाली.

८ जानेवारी
बीच. उठलो होतो. पण धुकं असेल असं वाटलं.

११ जानेवारी
समितीला दाखवायचं तर आधी निरोगी तोंडांचे नमुने हवेत. निरोगी म्हणजे काय हे यंत्राला शिकवल्याशिवाय आजारी म्हणजे काय हे त्याला कळणार नाही. वाणीने (माझी पीएचडीची विद्यार्थिनी) होस्टेलमधल्या पाच मैत्रिणी आणल्या. सहावी ती स्वतः. सहाही गाल हिरवेगार. पावसानंतरच्या कोकणासारखे. संचालक रामस्वामी सर येऊन बघून गेले. 'गुड, गजेंद्रन' म्हणाले. ते सहसा 'हं' म्हणतात.

वाणी म्हणाली, सगळ्या विशीतल्या मुली आहेत, वयाने मोठा पुरुष हवा. मी म्हटलं, आहे की समोर. निरोगी नमुना क्रमांक सात: मी. वय अठ्ठेचाळीस, बीपी नाही, शुगर नाही. उद्या.

१२ जानेवारी
उजवा गाल उत्तम. डाव्या गालाचं चित्र आलंच नाही. म्हणजे आलं, पण काळं. कडेला थोडी लाली. नळीचं टोक खराब. वाणीला स्पिरिटने पुसायला सांगितलं. तिने दोनदा पुसलं. पुन्हा काळं. यंत्र नवीन आहे, अशा बारीकसारीक अडचणी यायच्याच.

१५ जानेवारी
पोंगल. संस्था बंद. विद्युलताने तिळगूळ केला, शेजारच्या अलमेलूमामींनी शर्करपोंगल दिलं.

आज तंबाखूचा शेवटचा दिवस. त्यामुळे जरा जास्त झाली.

१७ जानेवारी
एकदम बंद करणं अशास्त्रीय आहे. मी तंबाखू खात नाही. चुना मळून एक चिमूट डाव्या गालात ठेवतो, सोबत सुपारीचं खांड. ती तिथे असते, एवढंच. तिच्यामुळे लक्ष एकाग्र होतं. हे यंत्र अर्धं तिनेच बांधलं आहे. हळूहळू कमी करायची.

१९ जानेवारी
लेसरची अलाइनमेंट डावीकडे बिघडलेली असणार, असा निष्कर्ष. यंत्र पूर्ण उघडलं, आरसे पुन्हा लावले. आठवडा गेला, पण असल्या कामात घाई करून चालत नाही. मग वाणीचा डावा गाल पाहिला. हिरवा. माझा डावा. काळा.

वाणीने दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावून ठेवली. तिची ही सवय मला आवडत नाही.

२३ जानेवारी
यंदा इकडच्या मिरच्या फार तिखट आहेत. सांबाराने तोंडाची आग होते. विद्युलताला म्हटलं, मिरचीवाला बदल. ती म्हणाली, अहो, मिरची नेहमीचीच आहे, मला आणि आपल्या ऊर्मीला काही होत नाही. बायकांची जीभ जाड असते.

२५ जानेवारी
आरशात बघितलं. डाव्या गालाच्या आत पांढरट डाग आहे. चुन्याचा. साहजिक आहे, इतक्या वर्षांचा चुना. भिंतीला बसतो तसा बसला असेल.

घासून जात नाही. चांगल्या प्रतीचा चुना आहे.

३० जानेवारी
कारण सापडलं. हळद. हळद निळ्या उजेडात चमकते, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. आम्ही मराठी माणसं प्रत्येक भाजीत हळद घालतो, होस्टेलच्या मुली तेवढी खात नाहीत. इतका साधा मुद्दा सुटला कसा? विद्युलताला सांगितलं, पंधरा दिवस घरात हळद नाही, प्रयोग आहे. तिने विचारलं, कसला प्रयोग. मी म्हटलं, राष्ट्रीय महत्त्वाचा.

३१ जानेवारी
वाणी म्हणते, 'सार, हळद हिरवी चमकते. मग गाल जास्त उजळ दिसायला हवा. काळा नाही.' या पोरीचं पाठांतर चांगलं आहे. संशोधनाला पाठांतर पुरत नाही.

६ फेब्रुवारी
पांढरी आमटी. पांढरे पोहे. ऊर्मी (मुलगी, नववीत आहे) म्हणाली, आजारी माणसाचं घर वाटतं. तमिळमध्ये म्हणाली. रागावलो. मुलांनी घरात मराठी बोललं पाहिजे.

१३ फेब्रुवारी
हळदीविना पंधरवडा. डावा गाल तसाच. किंचित मोठा भाग काळा, पण नळी धरताना माझा हात थोडा हलला.

१५ फेब्रुवारी
हॉटेलात मसाला डोसा. पट्ट्या करून खाल्ला. ऊर्मी हसली, अप्पा आजोबांसारखं का खातायत म्हणून. मोठा घास घेणं असंस्कृत आहे, असं तिला समजावलं. खरं तर जबडा जरा आखडलाय. एसीमुळे. प्रयोगशाळेतला एसी थेट माझ्या डाव्या बाजूला येतो. याने बरंच काही उलगडतं. उद्या टेबल फिरवून घ्यायचं.

२१ फेब्रुवारी
टेबल फिरवलं. आता वारा उजवीकडून.

२६ फेब्रुवारी
वाणीने आज धीर केला. म्हणाली, 'सार, एकदा तुळसी मॅडमना दाखवू या का?' मी विचारलं, चित्र? ती म्हणाली, नाही सार, तुम्हाला.

मी तिला नीट समजावून सांगितलं. सात निरोगी माणसं आहेत. सहांचा आकडा वर येतो, एकाचा खाली. याचा अर्थ सातवा माणूस आजारी आहे असा होत नाही. याचा अर्थ निरोगीपणाची आपली कल्पना फार संकुचित आहे. पोरींच्या गालांवरून रेषा आखली, तिथेच चूक झाली. प्रौढ पुरुषाचा गाल वेगळाच असणार. वाणी मान खाली घालून ऐकत होती. पटलं असावं.

१ मार्च
दिशा मिळाली. आजचा दिवस लक्षात राहील. यंत्राची रेषा खाली आणायची. कुठपर्यंत? नमुना क्रमांक सात, डावा गाल. तो निरोगी आहे हे मला आतून माहीत आहे, कारण तो माझा आहे. इतका खात्रीचा आधार दुसरा कुठे मिळणार?

संध्याकाळपर्यंत मी स्वतः बसून आकडे बदलले. मग नळी गालात धरली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर निळ्या अक्षरांत 'नॉर्मल'.

किती हलकं वाटलं. घरी जाताना विद्युलतासाठी गजरा घेतला. ती म्हणाली, काय झालं. मी म्हटलं, यंत्र बरं झालं.

२ मार्च
हळद पुन्हा सुरू.

१२ मार्च
बीचवर गेलो. खरोखर गेलो. एक कोळी जाळं सोडवत बसला होता. त्याच्याकडे बघून जांभई आली, तर ती मध्येच अडकली. जबडा उघडेना. काही वेळ तसाच उभा राहिलो. मग सुटलं. सकाळचा गारवा असा बाधतो. चालणं बंद.

१९ मार्च
वाणीला आदेश: जुन्या रेषेचा विषय समितीसमोर काढायचा नाही. ती म्हणाली, 'सरी, सार.' म्हणजे बरं, सर. डोळे लाल होते. तिची पीएचडी याच आकड्यांवर आहे, त्यामुळे ताण येतो. माझ्याही पीएचडीच्या वेळी मी असाच होतो.

२३ मार्च
झोप नाही. समितीची काळजी. दुसरं काही नाही.

दुसरं काही नाही हे लिहायचं कारण नव्हतं. पण पेनाने लिहिलंय, राहू दे.

२९ मार्च
समिती. तिघे जण. तुळसीबाईंनी ऑपरेशन थिएटरमधून आलेले ताजे तुकडे आणले होते. दहा बाटल्या, वर नुसते नंबर. कोणता तुकडा कशाचा हे फक्त त्यांच्या बंद पाकिटात. मी उभा राहून छान बोललो. तोंड कमी उघडत असल्यामुळे आवाजाला एक गांभीर्य येतं.

पहिला तुकडा. नॉर्मल.
दुसरा. नॉर्मल.
चौथ्यानंतर रामस्वामी सर खुर्चीत सरकून बसले. सहावा नॉर्मल. आठवा नॉर्मल. दहावा नॉर्मल.

तुळसीबाईंनी पाकीट फोडलं. सहा कॅन्सरचे होते. त्यातला आठवा, त्या म्हणाल्या, नुसत्या डोळ्यांनी बघूनही कळावा असा.

समितीतले एक जण म्हणाले, म्हणजे तुमच्या यंत्राच्या मते भारतात कॅन्सर नाही. दुसरे हसले. तिसऱ्यांनी हसू दाबलं, ते जास्त लागलं.

चहा झाला. मी बिस्किट घेतलं नाही.

३० मार्च
हे का झालं याची कारणं. तुकडे सलाइनमध्ये जास्त वेळ होते. दिल्लीचे लोक आल्यावर व्होल्टेज पडतं. आठव्या बाटलीचा नंबर नीट वाचता येत नव्हता.

दुपारी लिहितोय. सकाळचं लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

तुळसीबाई सकाळी न सांगता प्रयोगशाळेत आल्या. वाणीने काल सगळे गेल्यावर तेच दहा तुकडे जुनी रेषा लावून पुन्हा पाहिले होते, आणि आपणहून त्यांना फोन केला होता. जुन्या रेषेने दहातले नऊ बरोबर आले. बाई मला म्हणाल्या, यंत्र तुमचं बरवं आहे, गजेंद्रराव. मग रेष खाली कां आणलींत?

मी म्हटलं, एका निरोगी नमुन्यामुळे.

त्यांनी विचारलं, कोण तो.

मी म्हटलं, एक स्वयंसेवक. वय अठ्ठेचाळीस.

तंबाखू खातो?

मी म्हटलं, खात नाही. ठेवतो.

वाणी खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नाही, सायकल स्टँड आहे. तुळसीबाईंनी पर्समधून छोटा टॉर्च काढला, चष्मा वर केला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, 'तोंड उघडा पाहूं.'

उघडलं.

'येवढंच? अणखी.'

मी म्हटलं, एवढंच उघडतं. एसीमुळे.

त्यांनी टॉर्च आत धरला. एक बोट गालाच्या आत, एक बाहेरून, आणि मधलं काहीतरी दाबून पाहिलं. मग मानेवर, जबड्याखाली बोटं फिरवली. तिथे जरा थांबल्या. टॉर्च पर्समध्ये ठेवताना म्हणाल्या, सोमवारीं या. एक तुकडा घेऊं. विद्युलताबाईंसही आणा.

मी म्हटलं, चुन्याचा डाग आहे तो. त्या म्हणाल्या, 'सरी. चुन्याचा असेल तर चुन्याचा म्हणून लिहीन.'

२ एप्रिल
तुकडा दिला. तुळसीबाईंची पद्धत किती मागासलेली आहे हे आतून अनुभवणं गरजेचं होतं. म्हणून दिला. सुई, कात्री, दोन टाके. एकविसाव्या शतकात. याच्यावर लेख लिहायचा.

विद्युलताला नेलं नाही. दाताचं काम आहे, असं सांगून गेलो.

३ एप्रिल
विद्युलताला बेसिनमध्ये रक्ताचा कापूस सापडला. कुठला दात, विचारलं. मी म्हटलं, मागचा. तिने टॉर्च आणला. हल्ली सगळ्यांकडे टॉर्च असतात. तिला दात सगळे दिसले, आणि टाकेही दिसले. मग सांगावं लागलं. सगळं नाही, पण बरंच.

ती रडेल असं वाटलं होतं. ती पोळ्या लाटत राहिली. सगळ्या झाल्यावर गॅस बंद करून म्हणाली, 'अहो, माझी हळद बंद केलीत, ती यासाठी?'

मी म्हटलं, प्रयोग होता.

ती म्हणाली, 'मला सांगितलं असतंत तर मी जानेवारीतच हाताला धरून नेलं असतं. यंत्र लागलं नसतं.'

५ एप्रिल
रिपोर्ट आला नाही. उशीर म्हणजे चांगली बातमी. वाईट असती तर लगेच कळवली असती.

तंबाखूची पुडी गटारात टाकली. मग दुसरी आणली. मग तीही टाकली. विद्युलता बघत होती.

७ एप्रिल
चुन्याचा नव्हता.

९ एप्रिल
तुळसीबाईंनी बोलावून घेतलं. त्यांची खोली लहान, पंखा मोठ्याने वाजतो. टेबलावर तो साधा मायक्रोस्कोप. त्याला समोरासमोर दोन डोळे लावायची सोय आहे, विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी. एका बाजूला त्या, एका बाजूला मी. म्हणाल्या, पाहा. तुम्हांस दाखवल्यावांचून तुम्ही मानायचे नाहींत.

रंग सुंदर होते. गुलाबी आणि जांभळा. वर नीट रचलेल्या विटांसारखी पेशींची ओळ. मग ती ओळ एके ठिकाणी मोडलेली, आणि विटा खालच्या थरात घुसलेल्या, वेड्यावाकड्या, काही फार मोठ्या, त्यांच्यात मोत्यासारखी गोल वलयं. मी म्हटलं, स्टेनिंग फार स्वच्छ आहे. त्या म्हणाल्या, हो, मीच केलें.

मी विचारलं, जुन्या रेषेने यंत्र जे सांगत होतं ते हेच का. त्या म्हणाल्या, हेंच. मी विचारलं, पहिल्यांदा सांगितलं तेव्हाही हे एवढंच होतं का. त्यांनी डोळा मायक्रोस्कोपवरून काढला नाही. स्लाइड पुढे सरकवली. मग म्हणाल्या, नाहीं, गजेंद्रराव. तेव्हां कमी असेल.

माझ्या आयुष्यातलं पहिलं खरं निदान माझ्या यंत्राने केलं होतं. ते मी दुरुस्त केलं.

हे वाक्य खोडायचं होतं. खाडाखोड वाईट दिसेल म्हणून ठेवतो.

१२ एप्रिल
सर्जन डॉ. पद्मनाभ. तरुण आहेत. कागदावर पेन्सिलीने माझा चेहरा काढला आणि त्यातला बराचसा रबराने पुसला. गालाचा भाग, जबड्याच्या हाडाचा भाग, मानेतल्या गाठी. छातीवरून कातडी घेऊन गाल भरणार. मी म्हटलं, मी भाषणं देतो, मला बोलावं लागतं. ते म्हणाले, जानेवारीत आला असतात तर सकाळी येऊन संध्याकाळी घरी गेला असतात. आता आधी जगायचं बघू.

विद्युलताने विचारायचे ते सगळे प्रश्न विचारले. जेवण कसं, किती दिवस, नंतर रेडिएशन का. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. तमिळ अंक मला अजून ओळखू येत नाहीत.

१६ एप्रिल
रामस्वामी सर घरी आले. बुके आणला. म्हणाले, वाणीने लावलेल्या जुन्या रेषेने समितीला पुन्हा रिपोर्ट पाठवलाय, त्यांनी मान्य केलंय. एक नमुना निरोगींच्या यादीतून आजारींच्या यादीत हलवला, त्यामुळे यंत्राची अचूकता वाढली. माझी सही हवी होती. केली. 'गुड, गजेंद्रन' म्हणाले, आणि निघताना दारात पुन्हा 'गुड' म्हणाले.

१८ एप्रिल
उद्या ऑपरेशन. ऊर्मी शेजारी येऊन बसली. आज मराठीत बोलली, थांबून थांबून, शब्द शोधत. बाबा, तुम्ही घाबरलात का. एरवी अप्पा म्हणते.

मी म्हटलं, लहानसं ऑपरेशन आहे. महिन्याभरात पहिल्यासारखा. तिने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. एवढं तरी सहज बोलता आलं.

६ मे
लिहिता येतंय. बाकी नंतर.

२२ मे
नळीतून जेवण. रेडिएशन. भेटायला येणारे सगळे मोठ्याने बोलतात, जणू मला ऐकू येत नाही.

९ जुलै
माझं बोलणं आता जवळजवळ पूर्ण स्पष्ट झालं आहे. रिक्षावाल्याला एग्मोर तीनदा सांगावं लागलं, चौथ्यांदा विद्युलताने सांगितलं, पण तो आंध्रातला असावा.

आज तपासणीचा दिवस. तुळसीबाईंच्या ओपीडीत यंत्र बसवलंय. वाणी तिथे आठवड्यातून तीन दिवस असते. पांढरा कोट घालते, बरी दिसते. मला बाकावर बसवलं, विद्युलता कागद आणायला खिडकीवर गेली.

आत एक वयस्क बाई होत्या. कोवलमच्या शाळेच्या निवृत्त हेडमिस्ट्रेस, पान खाणाऱ्या. दार उघडंच होतं. वाणीने नळी धरली. पडद्यावर एक ठिपका काळा आला, तांदळाच्या दाण्याएवढा. तुळसीबाईंनी तिथल्या तिथे तुकडा घ्यायचं ठरवलं. बाईंना सांगितलं, फार लवकर सापडलंय, एवढंसं काढून टाकू, घाबरू नका. बाई घाबरल्या नाहीत. यंत्र कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. मास्तर माणसं चौकशी करतात.

वाणी म्हणाली, आमच्या सारांनी. आणि बाहेर माझ्याकडे बोट केलं. तिच्या आवाजात अभिमान होता. मला ऐकू आला.

मी उठून उभा राहिलो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. गालावर बसवलेल्या छातीच्या कातडीकडे, मानेवरच्या शिवणीकडे, ओठाच्या कोपऱ्याकडे, जिथे मला सारखा रुमाल लागतो. मग त्यांनी तमिळमध्ये, आवाज खाली करून वाणीला विचारलं, यांनीच केलं, तर यांनी स्वतःच्या तोंडात का नाही बघितलं?

मला सांगता आलं असतं. नळीचं टोक, अलाइनमेंट, समितीचं दडपण. क्रमाने सगळं तयार होतं. मी तोंड उघडलं, जेवढं उघडतं तेवढं. नुसती हवा आली, आणि थोडी लाळ. विद्युलता कागद घेऊन परत आली होती. तिने रुमाल पुढे केला.

वाणी नळी पुसत होती. तिने वर न बघता उत्तर दिलं.

'बघितलं होतं, अम्मा.'